पप्पांची सायकल आणि तीन सेंटीमीटर

गेल्या पावसाळ्यात माझे पप्पा सायकलवरून पडले. रात्रपाळी संपवून पांडेसऱ्याहून लिंबायतला घरी येत होते, सकाळचे साडेसात वाजले असतील. कुणी धडक दिली नाही, त्या दिवशी रस्ता ओला नव्हता, वेगही नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळताना हँडल एकाएकी आत पडलं आणि पप्पा उजव्या हातावर आले. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पप्पा एका मिलच्या फोल्डिंग खात्यात आहेत. कापडाचे ताके मोजायचे, घडी घालायची, शिक्का मारायचा. हात नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पगार नाही.

शेजारपाजारचं, नातेवाइकांचं, मम्मीचं, सगळ्यांचं एकच मत पडलं: वय झालं. वाईट हे की पप्पांचंही तेच मत झालं. फोनवर मला म्हणाले, "आता तोल राहत नाही गं माझा. सायकल विकून टाकू." ज्या माणसाने मला याच सायकलच्या दांडीवर बसवून मिस्सेला नेलं, दिवाळीला मम्मी मागे, मी पुढे अशी ट्रिपलसीट चालवली, तो माणूस चालण्याच्या वेगात, सरळ रस्त्यावर तोल जाऊन पडतो, हे मला पटेना.

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला गेले तेव्हा सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि पप्पा शेअर रिक्षाने कामावर जात होते. पाव आणायला मी ती सायकल काढली. मोकळ्या रस्त्यावर छान चालली, अगदी सरळ. पण बेकरीपाशी वेग कमी करून वळायला गेले तर हँडल हातातून निसटल्यासारखं आत गेलं. मी पाय टेकवला म्हणून वाचले. माझं वय 21 आहे. म्हणजे प्रश्न फक्त वयाचा नव्हता.

मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीनंतर कोन-त्रिज्या यांच्याशी माझा संबंध संपला होता. पण त्या सुट्टीत सायकल कशी वळते आणि का वळते, हे समजून घ्यायला बसले. त्यातलं जे कळलं ते आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एक सायकल असते आणि तिच्यावर कुणीतरी रोज पोट भरायला जात असतं.

चिमटा, कोन आणि माग

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं त्याला सायकलवाले 'चिमटा' म्हणतात. इंग्रजीत तोच 'फोर्क'. त्यांनी टेबलावरून शब्द उचलला, आपण चुलीपासून. हा चिमटा वर फ्रेमच्या एका आखूड नळीत फिरतो आणि त्यावर हँडल बसतं. सायकल बाजूने नीट पाहा. ही आखूड नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. जमिनीशी तिचा जो कोन होतो तो जुन्या काळ्या सायकलींत 67-68 अंशांच्या आसपास असतो, रेसिंगच्या सायकलींत 73 च्या आसपास. आकडा जितका लहान तितकी नळी जास्त कललेली.

आता चिमट्याचे पाय पाहा. ते खाली जाताना पुढच्या बाजूला बाक घेतात. हा बाक शोभेसाठी नाही. चाकाचा आस नळीच्या रेषेच्या किती पुढे असावा, ते त्याने ठरतं.

नळीची रेषा मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. मग चाक जमिनीला जिथे टेकतं तिथे दुसरी खूण करा. दुसरी खूण पहिलीच्या थोडी मागे येते. म्हणजे पुढचं चाक ज्या रेषेभोवती फिरतं, त्या रेषेच्या मागे ते जमिनीला टेकलेलं असतं. या दोन खुणांमधल्या अंतराला इंग्रजीत ट्रेल म्हणतात. मी त्याला 'माग' म्हणणार आहे, 'माग काढणे'तला माग. सुरतेत माग म्हटलं की यंत्रमागच डोळ्यांसमोर येतो, पण हा माग चार बोटांएवढाच असतो आणि सायकलचा स्वभाव बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

हे समजायला दवाखान्यातली स्ट्रेचरची ट्रॉली आठवा. तिची छोटी चाकं ज्या खिळ्यावर फिरतात त्याच्या थोडी मागे असतात. ट्रॉली ढकलली की सगळी चाकं आपोआप ढकलण्याच्या दिशेने सरळ होतात, कारण ती खिळ्यामागे ओढली जातात. सायकलचं पुढचं चाकही असंच ओढलं जातं. म्हणून वेगात असताना हँडल स्वतःहून सरळ राहायला बघतं, आणि वेग जितका जास्त तितकी ही ओढ जास्त.

मागाचं दुसरं काम याहून महत्त्वाचं. घरची सायकल फक्त सीटला धरून उभी करा आणि डावीकडे किंचित झुकवा. हँडलला हात न लावताही चाक डावीकडे वळेल. चालत्या सायकलचा तोल याच गोष्टीने राहतो. सायकल डावीकडे पडायला लागली की चाक डावीकडे वळतं, आणि चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात. तळहातावर उभी काठी तोलताना काठी जिकडे पडते तिकडे आपण हात नेतो ना, तसंच. स्वाराचं अर्धं काम सायकल स्वतः करते. उरलेलं अर्धं आपण इतक्या सवयीने करतो की ते लक्षातही येत नाही. उदाहरणार्थ, उजवीकडे वळायचं असेल तर प्रत्येक सायकलस्वार आधी क्षणभर हँडल किंचित डावीकडे नेतो, त्यामुळे सायकल उजवीकडे झुकते आणि मग वळते. विमान बनवणारे राइट बंधू आधी डेटनमध्ये सायकली बनवायचे. त्यांच्यातल्या विल्बर राइट यांनी ही गोष्ट तेव्हाच हेरली होती.

न चालवता येणारी सायकल

शाळेत आपल्याला बहुतेक असं सांगितलेलं असतं की फिरत्या भोवऱ्यासारखी चाकंच सायकलला उभी ठेवतात. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हे तपासायचं ठरवलं. कुणालाही चालवता येणार नाही अशी सायकल बनवून बघायची, म्हणजे ती कशाने चालते ते कळेल, अशी त्याची युक्ती. 1970 साली 'फिजिक्स टुडे' या मासिकात त्याने आपले प्रयोग छापले.

आधी त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं दुसरं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम मारून टाकला. सायकल तरीही चालवता आली. मग चिमटा उलटा बसवला, म्हणजे बाक मागच्या बाजूला गेला आणि माग वाढला. ही सायकल रिकामी ढकलून सोडली तर स्वाराशिवायसुद्धा बराच वेळ पडायची नाही. शेवटी त्याने चाक नेहमीपेक्षा सुमारे चार इंच पुढे बसवलं, म्हणजे माग उलटाच झाला. ती सायकल सोडल्याबरोबर पडायची आणि चालवायलाही फार अवघड होती.

यावरून मागच सगळं काही आहे असं वाटेल, पण तेही पूर्ण खरं नाही. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक विचित्र दोनचाकी गाडी दाखवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम रद्द केलेला होता आणि माग उलटा, 4 मिलिमीटर पुढच्या बाजूला होता. तरीही ती स्वतःच्या बळावर तोल सांभाळत धावली, कारण तिच्यात वजनं तशी वाटून लावलेली होती. म्हणजे कोन, बाक, माग, वजन कुठे आहे, हे सगळं मिळून सायकलचा स्वभाव बनतो. एक बदललं की बाकीच्यांचा हिशोब बिघडतो.

मला यातला उलट्या चिमट्याचा प्रयोग फार उपयोगी पडला. का, ते पुढे येतंच.

काळी सायकल अशी का?

दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' या नावाने बाजारात आणली. तिच्यातून पुढे जी दणकट इंग्रजी रोडस्टर तयार झाली, तीच आपली काळी सायकल. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे तिचे कारखाने उभे राहिले: मद्रासला 1949 मध्ये टीआय सायकल्स, सोनिपतला 1951 मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला 1956 मध्ये हिरो. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. पण या सायकलीचा आकार इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही.

त्याला कारण आहे. नळी जास्त कललेली, चिमट्याचा बाक मोठा, दोन चाकांमधलं अंतर लांब. खराब रस्त्यावर लांब सायकल कमी उसळते आणि बाकदार चिमटा थोडासा स्प्रिंगसारखा दबतो. मागच्या कॅरिअरवर ताके, दुधाचे कॅन किंवा एक अख्खा माणूस बसवला तरी ती सरळ चालते. बदल्यात ती पटकन वळत नाही. हँडल तेवढंच फिरवलं तरी लांब सायकलचं वळण आखूड सायकलपेक्षा मोठं पडतं. रेसरचं उलटं. तिची नळी ताठ, बाक लहान, माग पाच-सहा सेंटीमीटर, अंतर आखूड. बोट लावलं की वळते, पण कॅरिअरवर पोतं टाकून तिला कुणी हाकून दाखवावं!

पांडेसऱ्यात पाळी बदलते तेव्हा सकाळ-संध्याकाळ या काळ्या सायकलींचा लोंढा निघतो. चालवणारे खानदेशातले, ओडिशातले, उत्तर प्रदेशातले. तिथे कुणाला वेगाची हौस नसते. बारा तास उभं राहून दमलेल्या माणसाला घरापर्यंत नीट नेणारी सायकल हवी असते. त्या कामासाठी हा आकार अगदी बरोबर आहे, मात्र तो मूळचा राहिला पाहिजे.

ओळंबा, दोरा आणि खडू

आता आमच्या सायकलकडे. मी पप्पांना खोदून विचारलं तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. जूनच्या शेवटी, पहिल्या मोठ्या पावसात, पाण्याने भरलेला एक खड्डा त्यांना दिसला नव्हता आणि पुढचं चाक त्यात जोरात आदळलं होतं. चिमटा मागे वाकला. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याने पाइप घालून तो पुढे ओढला, स्वतः जोरात एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सीधी चाले छे. चालशे." पन्नास रुपये झाले. तेव्हापासून पप्पांना हँडल जड वाटत होतं. पण मिस्त्रीने तपासून दिलं म्हटल्यावर दोष स्वतःचाच असणार, असं त्यांनी धरलं.

आमच्या शेजारच्या काकांकडे अगदी तशीच सायकल आहे: बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं. ती मागून आणली आणि दोन्ही सायकली घरातल्या फरशीवर सरळ उभ्या केल्या. समोरच्या घराचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. चाकाच्या आसावरून ओळंबा सोडून जमिनीवर एक खूण. नळीच्या रेषेत ताणून धरलेला दोरा जमिनीला जिथे टेकला तिथे दुसरी खूण. दोरा धरायला धाकटा भाऊ, मोजायला मी, आणि पलंगावर बसून "काय चाललंय तुमचं?" विचारायला पप्पा.

काकांच्या सायकलचा माग भरला 7 सेंटीमीटर. आमच्या सायकलचा 10.

तीनदा मोजलं, तेच आलं. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतरही मोजलं. काकांचं 116 सेंटीमीटर, आमचं 113. मोबाइल नळीला टेकवून कोन पाहिला, तो दोन्हीकडे 67 अंश. म्हणजे फ्रेम शाबूत होती. चिमट्याचा बाक मात्र साडेसातवरून साडेचार सेंटीमीटरवर आला होता. मिस्त्रीने चिमटा डोळ्यांना बरा दिसेल इतपत ओढला होता, पण पूर्ण जागेवर आणला नव्हता.

ज्यांना गणित नको त्यांनी एवढा परिच्छेद सोडावा. चाकाची त्रिज्या सुमारे 35.5 सेंटीमीटर. तिला 67 अंशांच्या कोसाइनने, म्हणजे 0.39 ने गुणलं की जवळपास 13.9 येतात. त्यातून बाक वजा करायचा आणि उरेल त्याला 67 अंशांच्या साइनने, म्हणजे 0.92 ने भागायचं. बाक 7.5 असेल तर माग येतो 6.9. बाक 4.5 झाला तर 10.2. खडूच्या खुणा आणि पुस्तकातलं सूत्र जुळलं तेव्हा मी घरभर नाचले.

मग सरळ कशी चालत होती?

इथे जोन्सचा उलटा चिमटा आठवा. बाक मागे गेला, माग वाढला आणि सायकल आधीपेक्षा जास्त स्थिर झाली. आमच्या सायकलचा चिमटा मागे वाकल्यावर थोड्या प्रमाणात तेच झालं होतं. म्हणून मिस्त्रीने जोरात चक्कर मारली तेव्हा ती खरंच सरळ चालली. तो खोटं बोलला नव्हता. त्याने ती वेगात तपासली, एवढंच.

पण नळी कललेली असल्यामुळे मागाची एक दुसरी बाजू आहे. हँडल वळवलं की सायकलचा पुढचा भाग अगदी थोडा खाली जातो. खाली जाणारी वस्तू आणखी खाली जायला बघते, म्हणून थोडं वळलेलं हँडल आणखी वळायला बघतं. उभी सायकल हातात धरून हँडल फिरवा, ते एका क्षणी स्वतःहून कलंडेल. वेगात असताना चाकाची सरळ राहण्याची ओढ याच्यावर मात करते. वेग गेला की ती ओढ जाते आणि हे कलंडणं उरतं. नळीचा कोन तोच असेल तर माग जितका जास्त तितकं कलंडणं जास्त. आमच्या सायकलमध्ये ते जवळजवळ दीडपट झालं होतं.

तुम्ही म्हणाल, डोंगरात चालवायच्या आधुनिक माउंटन बाइकचा माग तर 11-12 सेंटीमीटरही असतो, त्या कुठे पडतात? बरोबर आहे. पण त्यांचं हँडल पाऊण मीटर किंवा त्याहून रुंद असतं, कलंडणारं चाक धरून ठेवायला लांब तरफ मिळते. आमच्या काळ्या सायकलचं हँडल अरुंद आणि मागे वळलेलं, आणि त्यावर एका बाजूला पप्पांची डब्याची पिशवी. हँडलवर टांगलेलं वजन हँडलबरोबर फिरतं आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायला जोर लागतो. मुंबईचे डबेवाले हँडलला पिशव्या अडकवून चालवतात, पण त्यांचे चिमटे वाकलेले नसतात आणि हातांना रोजची सवय असते.

आता ती सकाळ पुन्हा पाहा. रात्रभर जागलेला, छप्पन्न वर्षांचा माणूस. हँडलला उजवीकडे रिकामा डबा. गल्लीत वळायला वेग कमी केला. तीस वर्षांच्या सवयीने हातांना माहीत असतं की हँडल किती आत येईल. पण ते दीडपट जोराने आत आलं.

मी हे सगळं पप्पांना खडूच्या खुणांवर बोट ठेवून सांगितलं. ते बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी नाही पडलो. हँडल पडलं."

हो पप्पा. हँडल पडलं.

दुसऱ्या दिवशी नवा चिमटा बसवला, चारशे रुपयांच्या आत काम झालं. जुना पुन्हा सरळ करून वापरायचा नाही असं ठरवलं, कारण एकदा वाकून सरळ केलेलं लोखंड कमजोर होतं आणि चिमटा मोडला तर माणूस थेट तोंडावर येतो. माग मोजला, 7 सेंटीमीटर. डब्याची पिशवी हँडलवरून काढून कॅरिअरला लावली.

घरी तपासून पाहा

सायकल एकदा जरी जोरात आदळली असेल तरी एवढं बघा:

1. बाजूने पाहा. चिमट्याचे दोन्ही पाय एकसारखे पुढे बाक घेतात का? एक पाय जास्त वाकला असेल तर सायकल एका बाजूला ओढते.
2. हँडलच्या नळीमागे, खालच्या दांडीच्या बुडाशी रंग तडकलाय का, लोखंडाला सुरकुती आलीय का? तसं असेल तर फ्रेमच वाकली आहे. तिथे नळी ताठ होऊन माग उलट कमी होतो आणि सायकल वेगात बावचळते.
3. पेडल पुढे असताना पाऊल मडगार्डला पूर्वी लागत नव्हतं आणि आता लागतं? चाक मागे आलंय.
4. लहान मुलांच्या सायकलचा चिमटा उलटा तर बसवलेला नाही ना, ते बघा. घाईघाईत जोडलेल्या सायकलींत ही चूक सर्रास दिसते.
5. दुरुस्तीनंतर सायकल जोरात नाही, हळू चालवून तपासा. चालण्याच्या वेगात एक आठाचा आकडा काढा. जे बिघडलंय ते तिथे कळेल.

पप्पांचं वय झालेलं नाही असं माझं म्हणणं नाही. रात्रीचं त्यांना पूर्वीइतकं दिसत नाही, आणि मी हट्ट करून त्यांचा चश्मा बदलून घेतला. पण वय झालं असं म्हणण्याआधी कुणीतरी खाली बसून चिमटा मोजायला हवा होता. मिस्त्रीने, मम्मीने, मीही. आपण आधी माणसाला मोजलं, सायकल मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

सुट्टी संपून मी मुंबईला निघाले तेव्हा पप्पांनी माझी बॅग कॅरिअरला बांधली आणि रिक्षा थांब्यापर्यंत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. मग टांग मारून कामावर गेले. कोपऱ्यावर वेग कमी केला आणि वळले. मी बघत उभी होते. हँडल त्यांच्या हातात होतं.